न विचारलेलं सांगावं का?

आमच्या कामरेजच्या वाडीवर गवत कापायचं एक यंत्र होतं. वर बसून चालवायचं, लहानसा ट्रॅक्टरच म्हणा ना. शेजारचं कुटुंब कायमचं अमेरिकेला गेलं, तेव्हा यांनी ते हौसेने विकत घेतलं. मला ते कधीच आवडलं नाही. विळ्याने कापणारा माणूस निदान बेडूक दिसला तर थांबतो. यंत्राला बेडूकही दिसत नाही आणि गांडूळही नाही. त्यावर हे म्हणायचे, "अगं, ही आरंभी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही." खरं आहे. पण गृहस्थाला सोयीचं तेवढं शास्त्र बरोबर पाठ असतं, हेही खरं.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि तापीने सुरतचा बहुतेक भाग बुडवला. राखीपौर्णिमा त्याच दिवसांत आली. भाऊ तिकडे, मी इकडे, फोन बंद. कामरेज शहराच्या वरच्या अंगाला, पण नदीकाठचंच. आमच्या वाडीतही पाणी शिरलं. ओसरल्यावर जाऊन पाहिलं तर यंत्र सीटपर्यंत गाळाने माखलेलं. हे लगेच चावी लावायला निघाले. बरोबर आलेल्या मिस्त्रीने त्यांचा हातच धरला. "शेठ, चावी मारता नहीं!"

का, ते त्याने मला नीट समजावून सांगितलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की आतला दांडा वाकतो आणि मग यंत्र भंगारातच. म्हणून आधी बॅटरी काढायची, मग प्लग काढायचा. त्याने हाताने इंजिन फिरवलं तेव्हा प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. खालून ऑइल सोडलं तर ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर उघडून गाळ धुतला, हवेचा कागदी फिल्टर फेकून दिला, वायरींची टोकं घासून कोरडी केली. नवं ऑइल घालून थोडा वेळ चालवायचं, तेही काढून टाकायचं आणि पुन्हा नवं घालायचं. आपण भिजलेलं धान्य पुन्हा पुन्हा निवडतो ना, तसंच ते. पाचव्या दिवशी भसाभस पांढरा धूर सोडत यंत्र सुरू झालं. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला.

चहा पिताना मिस्त्री म्हणाला, "बेन, चालेल. पण पात्यांच्या बेअरिंगमध्ये गाळ गेलाय, तो आतून खातच राहणार. वायरीही हळूहळू हिरव्या पडतील. भरवसा नाही." हे फक्त मी ऐकलं. हे तेव्हा बाहेर हौसेने यंत्र फिरवत होते.

पुढे दशलक्षण पर्वात गिऱ्हाईक आलं. लग्नासाठी लॉन भाड्याने द्यायचा नवा धंदा सुरू केलेला तरुण मुलगा. यंत्र धुऊन पुसून लखलखीत. सौदा ठरला. पुराचा विषय त्याने काढला नाही, यांनीही काढला नाही. मी आत जाऊन यांना मिस्त्रीचं बोलणं सांगितलं. हे म्हणाले, "त्याने विचारलं का? मी खोटं कुठे बोललोय?"

मैत्रिणींनो, इथेच मी अडले. खोटं तर खरंच कोणी बोललं नव्हतं. मग दोष कुठला? लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले अतिचार आठवले. तत्त्वार्थसूत्रात 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे हलकं ते अस्सल म्हणून देणं, हा अतिचार सत्याणुव्रताचा नाही, अचौर्याणुव्रताचा सांगितलाय. इतकी वर्षं तो क्रम मी नुसता घोकला होता. त्या दिवशी कळलं की आचार्यांनी तो चोरीखाली का घातला असेल. गप्प राहणारा खोटं बोलत नाही, पण समोरच्याचं काहीतरी काढून घेतो. खरं कळलं असतं तर त्याने घ्यायचं की नाही हे स्वतः ठरवलं असतं. ते ठरवणंच आपण त्याच्या हातून उचलतो. पैसे तर नंतरची गोष्ट.

मी चहा घेऊन बाहेर गेले आणि म्हणाले, "भाऊ, यंत्र पुरात बुडालं होतं. मिस्त्री म्हणतो बेअरिंग जातील." मुलाने यांच्याकडे पाहिलं. यांनी जमिनीकडे. बारा हजार कमी करून त्याने यंत्र नेलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परक्या माणसासमोर नवऱ्याला खाली पाहायला लावलं, ती हिंसा नाही का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. आत एकदा जास्त आग्रह धरला असता तर बाहेर बोलावं लागलं नसतं, असं आज वाटतं.

आता खरी गोष्ट सांगते, जी यांनाही सांगितली नव्हती. त्याच महिन्यात पुरात भिजलेल्या साड्या मी अगदी स्वस्तात घेतल्या होत्या. दोनदा धुतल्या, खळ देऊन इस्त्री केली. त्यातली एक दिवाळीला माहेरी भावजयीला आहेर म्हणून नेसवली. "वहिनी, खास तुमच्यासाठी सुरतहून," असं म्हणाले. तिनेही विचारलं नाही. यंत्रवाल्या मुलाला दारात गाठून सांगणारी मी, तिथे गप्प बसले. परक्याशी खरं बोलणं सोपं असतं, तो पुन्हा भेटत नाही. भावजय दर सणाला भेटते.

ती साडी तिने बरीच वर्षं नेसली. फॉलच्या आतल्या बाजूला गाळाची पिवळट रेघ राहिली होती, ती तिला दिसलीच असणार, फॉल तीच बदलायची. ती काही बोलली नाही. यंदा क्षमावाणीला फोनवर मी नेहमीचे शब्द म्हटले, तिनेही म्हटले, आणि साडीचं पुन्हा राहूनच गेलं.