थोबाडीत बसण्याआधीची ललिता पवार

ललिता पवारांचं नाव निघालं की पाठोपाठ दोनच गोष्टी येतात: दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा आणि भगवानदादांनी मारलेली ती थोबाडीत. अलीकडे कोकणात, पावसला, जुन्या चित्रपटांवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात हेच ऐकलं. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात फटका जोरात बसला, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला; नायिका संपली आणि खाष्ट सासू जन्मली. सभागृह हळहळलं. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

घटना खरी आहे. त्या दुखापतीने बाईंचं नायिकापद हिरावलं, वर्षानुवर्षं उपचार करून घ्यावे लागले, हेही खरं. पण एका अपघाताला अभिनयाचं गुरुपद देणं म्हणजे त्याआधीची चौदा वर्षं पुसून टाकणं. येवल्याच्या अंबू सगुण या मुलीने, म्हणजे पुढच्या ललिता पवारांनी, १९२८ साली, बाराव्या वर्षी, 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात काम केलं. १९३२ मध्ये 'कैलाश' या मूकपटाच्या निर्मितीत ती सहभागी होती आणि त्यात तिने तीन भूमिका केल्या: नायिका, खलनायिका आणि आई. थोबाडीतून खलनायिका जन्मली म्हणणाऱ्यांनी या सालाकडे पाहावं. मधे दहा वर्षं आहेत! १९३८ मध्ये तिने टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर आधारलेला 'दुनिया क्या है' काढला. १९४१ मध्ये खांडेकरांच्या कथेवरच्या, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'अमृत'मध्ये ती कोकणातल्या एका चांभाराची बायको झाली. कोकणातल्या माणसाने तरी हे विसरू नये. नाजूक नायिकेच्या चौकटीबाहेर ती स्वतःच्या पायांनी गेली होती. तिला कुणी ढकलावं लागलं नव्हतं.

दुसरं एक मत असं की बोलपट आला आणि भाषा न येणारे मूकपटातले कलावंत बुडाले. मास्टर विठ्ठलांचं उदाहरण त्यासाठी हमखास दिलं जातं. पण पुण्यात जन्मलेली ज्यू नटी रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, काही काळ थांबून हिंदुस्तानी शिकली आणि 'माधुरी', 'अनारकली' हे आपलेच मूकपट बोलके करून पुन्हा उभी राहिली. भाषा शिकता येते, एवढं त्या मताला पुरे.

थोबाडीत इतक्या सहज सुटत नाही, कारण तिच्यात गोष्ट आहे आणि गोष्टीला माणूस भुलतो. म्हणून विचारतो: दुखापतीने चेहरा बदलला, पण त्या चेहऱ्याने काय करायचं हे कुणी शिकवलं? बारीक झालेला डोळा कॅमेऱ्याला भीतिदायक दिसला असेल. मग १९५९ च्या 'अनाडी'त त्याच डोळ्यातून माया कशी पाझरली?

इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. बोलपटात चेहरा दोन प्रकारे वागतो. एक चेहरा शब्दांना दुजोरा देतो: वाक्य दुःखाचं, तर मुद्राही दुःखाची. दुसरा चेहरा शब्दांच्या विरुद्ध साक्ष देतो. बोलपटातच घडलेले पुष्कळ नट पहिल्या प्रकारात अडकले, कारण अर्थ सांगायचं काम संवाद करत होते आणि चेहरा मागून चालत होता. मूकपटात त्याला ही सोय नव्हती. पडद्यावर अधूनमधून येणाऱ्या पाट्या सोडल्या तर सगळा भार त्याच्यावर. ज्यांनी चेहऱ्याची ही स्वतंत्रपणे बोलायची सवय बोलपटात मोडू दिली नाही, त्यांच्याकडे एकाच वेळी दोन गोष्टी सांगायची ताकद आली. मूकपटातल्या सगळ्यांना ते जमलं असं नाही, ललिताबाईंना जमलं.

'अनाडी'तली मिसेस डिसा आठवा. जीभ तिखट, भाडेकरू राजवर सतत खेकसणं, आणि त्याच क्षणी चेहरा त्या पोराला पोटाशी धरतो आहे. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मंथरेत हेच उलटं होतं: शब्द कैकेयीच्या हिताचे, चेहरा विषारी. प्रभातच्या 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई होत्या. मराठी माणसाच्या मनात ती बाई कारस्थानाशीच जोडलेली, आणि कारस्थानी माणसाच्या ओठांवर एक नि डोळ्यांत दुसरं दिसावंच लागतं. प्रेमळ घरमालकीण आणि दुष्ट दासी, दोघींमागे कसब एकच. थोबाडीतीच्या सिद्धान्तातून मंथरा कशीबशी निघेल, मिसेस डिसा निघत नाही.

'दुखापत नसती तर एवढी सासू-आईची कामं मिळाली असती का?' असं कुणी विचारेल. कदाचित नसती. पण कोणती भूमिका वाट्याला येते आणि ती कशी वठते, हे प्रश्न वेगळे. पहिल्याचं उत्तर अपघात, निर्माते, वय, बाजार, काहीही असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त त्या बाईच्या मेहनतीत सापडतं, आणि नेमकी तीच मेहनत या हळहळीत गिळली जाते. पुरुष नटांच्या बाबतीत आपण साधना म्हणतो. बाईच्या बाबतीत नशीब.

त्या काळातले बहुतेक भारतीय मूकपट नष्ट झाले आहेत, त्यामुळे पुरावा बोलपटांतच शोधावा लागतो. 'अनाडी' सहज मिळतो. मिसेस डिसाचा एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग आवाज लावून पाहा, आणि नंतर ठरवा १९४२ च्या त्या हाताला किती श्रेय द्यायचं ते.