विषाची वार्ता

संकटाची पूर्वसूचना देणारे साधन हाती आले म्हणजे मनुष्याचे रक्षण झालेच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी आहे, याचा येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांतून वीज वाहू शकते अशा पॉलिमर द्रव्यांच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायार्मिड व शिराकावा या त्रयीस २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच जातीच्या पॉलिॲनिलीन नामक द्रव्याच्या अतिसूक्ष्म तंतूंस अमोनियाची वाफ लागताच त्यांची वीजवहनाची शक्ती घटते, व ती घट मापकावर दिसते. इतर विषारी वाफा ओळखणारे तंतू सिद्ध करण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

आमच्या बडनेऱ्याभोवतालच्या कापसाच्या मुलखास या प्रश्नाचे महत्त्व सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पऱ्हाटी नेहमीहून उंच वाढलेली असता, फवारणीचे विष त्वचेवाटे व श्वासावाटे शरीरात जाऊन विसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या विषाची वार्ता आपणांस कळली ती रुग्णालयातील खाटांवरून. म्हणजे मजुराचे शरीर हेच आपले मापक यंत्र ठरले! ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखण्याकरिता कॅनरी पक्षी नेत असत. त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे १९८६ साली ठरले. पक्ष्याची सुटका झाली. उद्या एखाद्या तंतूने मजुराचीही केली, तर त्याहून मोठे पुण्यकर्म कोणते?

परंतु धोका कळणे निराळे आणि पाऊल मागे घेता येणे निराळे. औषधाचा उग्र दर्प मजुराच्या नाकास आजही कळतोच. पण पाठीवरचा पंप खाली ठेविला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ज्यास थांबण्याची मुभा नाही, त्याच्या कानाशी घंटा वाजविणे यास रक्षण म्हणता येईल काय? उलट, 'सूचना मिळाली होती, त्यानेच ऐकिले नाही,' असे म्हणून हात झटकण्यास इतर सारे मोकळे होतील, व विषाबरोबर दोषही त्याच्याच माथी येईल.

तात्पर्य, असा तंतू ज्या दिवशी वावरात येईल, त्याच दिवशी सूचना होताच काम थांबविणाऱ्याची मजुरी न कापण्याचा नियमही आला पाहिजे. यंत्र घडविणे हे शास्त्रज्ञांचे काम. त्याचे ऐकता येईल अशी स्थिती निर्माण करणे हे मात्र आपणां सर्वांचे कर्तव्य होय.