ज्याची त्याची नाडी

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या मैदानावर बॉक्सिंगचा सराव चाले. रिंग कसली, चुन्यानं आखलेला चौकोन, लिंबाच्या फांदीला टांगलेली पंचिंग बॅग आणि ग्लोव्हजचे चार जोड. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त होऊन गावी आलेले.

त्यांच्याकडे दोन चुलतभाऊ येत, दोघंही एकाच वजनगटातले. थोरला तापट. ठोसा बसला की डोकं फिरायचं आणि डोळे मिटून समोरच्यावर तुटून पडायचा. धाकटा बुजरा, त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले की आजीजवळ राहायचा. उंची भराभर वाढत होती, गुडघ्याखाली दुखायचं. सरांनी त्याच्या दोरीवरच्या उड्या निम्म्या केल्या आणि त्याला बॅगवर घेतलं. थोरल्याला मात्र ठोसे मारायचेच नाहीत, नुसते चुकवायचे.

"सर, त्याला बॅग अन् मला नुसतं वाकणं. हा अन्याय नाही का?"

"पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ठाऊक आहेत का रे? लष्करातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. तेच पेटकर १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना आधीचाच सराव करा म्हटलं असतं तर?"

पोरगं गप्प बसलं, पण पटलेलं दिसेना. सरांनी दोघांना एकेक वही दिली. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहायची, झोप किती झाली ते लिहायचं. संध्याकाळी एकच ओळ: मार बसला तेव्हा मी काय केलं?

आठवडाभर थोरल्याच्या वहीत नाडी रोज ६४. सर रागावले नाहीत. त्याचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. ८२ भरली. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे पोरानं पहाटेपर्यंत बापाबरोबर उसाला पाणी दिलं होतं.

"हे लिहायचं रे. तुझ्या अंगातलं मला कसं कळणार? आज बॅगला हात लावू नको. घरी जा, झोप."

सगळ्या पोरांना एकाच मापानं हाकणं सोपं असतं, म्हणून ठिकठिकाणी तेच चालतं आणि कोवळी हाडं त्यात झिजतात. सरांना हे सोपेपण मान्य नव्हतं.

धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्याच फेरीत थोरल्याच्या नाकावर ठोसा बसला आणि तो पूर्वीसारखाच उसळला, गुण गेले. मधल्या मिनिटात सरांनी पाणी दिलं, तोंडातून शब्द काढला नाही. पोरानं डोळे मिटून चार लांब श्वास सोडले.

"काय दिसलं?"

"ठोसा मारला की त्याचा उजवा हात खाली येतोय, सर."

पुढच्या दोन्ही फेऱ्या त्यानं त्या हातावर नजर ठेवून काढल्या. लढत थोडक्यात हुकली. रात्री वहीत ओळ आली: 'दुसऱ्या फेरीतही राग आला, पण मी थांबलो.'

पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्रीची वीज. संध्याकाळी थोरला स्वतःच सरांपुढे उभा राहिला.

"सर, आज नाडी ८० आहे. मी मारणार नाही, धाकट्याला पॅड धरतो."

सरांनी पॅड त्याच्या हातात दिले आणि धाकट्याला हाक मारली.