साक्षी नकोत, तक्रारी आणा

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत एका नामवंत स्तंभलेखकांनी विद्यापीठांतल्या स्त्री अभ्यास केंद्रांचा निकालच लावून टाकला. विद्याशाखेची पारख तिच्या विद्यार्थ्यांवरून करावी, असं सांगून ते म्हणाले, भौतिकशास्त्र शिकून बाहेर पडलेल्याला काहीतरी येत असतं, लिंगभाव शिकून बाहेर पडलेल्याला नुसतं काहीतरी वाटत असतं. टाळ्या पडल्या. वाक्य घोटून आणलेलं होतं आणि घोटलेल्या वाक्याकडे आपल्याकडे कोणी पुरावा मागत नाही. पण मला खरा वैताग आला तो पुढच्या महिन्यात. उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी माजी विद्यार्थ्यांच्या मनोगतांची पुस्तिका काढली. अभ्यासक्रमाने नवी दृष्टी मिळाली, मी पूर्वीची राहिले नाही, आता घरात प्रश्न विचारते, वगैरे. म्हणजे स्तंभलेखकांचा आरोप यांनी सहीशिक्क्यानिशी कबूल केला. बुवांच्या मठातही अशाच वह्या ठेवलेल्या असतात, भक्तांना आलेल्या प्रचितीच्या.

तेव्हा हिशेब दोघांशीही करायचा आहे. सोपा आधी उरकून घेतो.

हे अभ्यासक्रम मतं लादतात, असं म्हणतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला माणूस हा स्वतःचा फायदा पाहून वागणारा प्राणी आहे, असं धरून मुलांना आलेख काढायला लावतात. पुढे तीन वर्षं ती तेच काढत बसतात. याला कोणी बुद्धिभेद म्हणत नाही. माणसाबद्दल काही ना काही गृहीत धरल्याशिवाय कुठलीच विद्याशाखा उभी राहत नाही. काही गृहीतकं मात्र इतकी सोयीची असतात की ती गृहीतकं आहेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा आरोप नोकरीचा. हंगेरीच्या सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये याच कारणावरून लिंगभाव अभ्यासाची एम.ए. मान्यताप्राप्त पदव्यांच्या यादीतून काढून टाकली. बाजारात मागणी नाही म्हणे. बुडापेस्टच्या एल्टे विद्यापीठात हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१७मध्ये सुरू झाला होता. पहिली तुकडी बाहेर पडायच्या आधीच तिला नोकरी मिळणार नाही, हे सरकारला कळून चुकलं होतं. आपल्याकडे इग्नूने २०२१मध्ये ज्योतिषाची एम.ए. सुरू केली. हंगेरीच्या मंडळींना ही विद्या अवगत असावी.

पण स्तंभलेखकांच्या त्या 'वाटण्या'त एक खरी ठुसठुस आहे आणि केंद्रांच्या कैवाऱ्यांनी ती कधी नीट उघडून पाहिलेली नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात कोणी विद्यार्थिनीला घरातलं सांग म्हणत नाही. इथे म्हणतात. मग वर्गात एक अदृश्य बाजार भरतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखं दुःख आहे त्याने ते मांडायचं, ज्याच्याकडे नाही त्याने मान डोलवायची. कोणी तरी 'मी हे भोगलंय' म्हणतं आणि चर्चा तिथेच मरते, कारण भोगलेल्याशी वाद घालणं असभ्य. डायना फस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८९मध्ये नेमका हा आक्षेप घेतला होता, की वर्गात अनुभवाच्या अधिकाराने बोलणारे इतरांची तोंडं बंद करतात. कृष्णवर्णीय लेखिका बेल हुक्स यांनी पुढे त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं, पण ते अर्धं भारी आहे. वर्गातली सुस्थितीतली मुलं आपल्याच अनुभवावर बोलत असतात, फक्त त्याला अनुभव न म्हणता सर्वसामान्य ज्ञान म्हटलं जातं. तेव्हा अधिकार गाजवल्याचा ठपका बाकीच्यांवरच का? हे हुक्सना सुचलं त्यालाही वर्गच कारण होता. स्टॅनफर्डमध्ये शिकताना, वयाच्या १९व्या वर्षी, 'स्त्री' म्हणून जी समोर ठेवली जात होती ती गोरीच असते हे त्यांना खटकलं आणि त्यांनी लिहायला घेतलं. ते पुस्तक १९८१मध्ये आलं.

महाराष्ट्रात हा वाद जास्त टोकदार झाला आहे आणि त्यासाठी शर्मिला रेगे यांच्याकडे जायला हवं. पुणे विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र १९८७चं. विद्युत भागवत यांनी ते उभं केलं, रेगेंनी पुढे नेलं; १३ जुलै २०१३ला त्या अकाली गेल्या. आज त्यांचं नाव उद्घाटनाच्या भाषणांत आदराने घेतलं जातं. नाव घेतलं की वाचायचं राहिलं तरी चालतं.

१९९५मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात याची मांडणी केली. दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघही त्याच वर्षीचा. सवर्ण स्त्रीवाद्यांमधल्या भल्या लोकांनी यावर काय केलं? 'बरोबर आहे, त्यांचं वेगळं आहे' म्हणून एक खुर्ची सरकवून दिली. रेगेंचा १९९८चा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मधला लेख या भलेपणावरचा हल्ला आहे. वेगळेपणाला मान दिला की तुमची सुटका होते. तिचं दुःख तिने सांगायचं, तुम्ही ऐकायचं, आणि तुमची मांडणी होती तिथेच राहणार. रेगे म्हणत होत्या की दलित स्त्रियांच्या जागेवरून दिसतं ते पाहायला शिकणं ही सगळ्यांची जबाबदारी आहे आणि ती पेलायची तर जन्माने दलित नसलेल्यांना स्वतःला नव्याने घडवावं लागेल. जन्माने मिळालेली जागा हा विचाराचा दाखला नव्हे, हेही त्यात आलंच. छाया दातार यांनी १९९९मध्ये त्याच साप्ताहिकात प्रतिवाद केला, २०००मध्ये रेगेंनी उत्तर दिलं. त्या वादात कोण जिंकलं, हे मला इथे ठरवायचं नाही. दोन्ही बाजूंच्या बायका एकमेकींचं वाचून भांडत होत्या, एवढंच त्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगावंसं वाटतं.

पुढे २०१०मध्ये रेगेंनी अध्यापनावर निबंध लिहिला आणि त्याच्या नावातच जोतीरावांचं १८५५चं 'तृतीय रत्न' आणलं. त्या नाटकात भट अडाणी कुणब्याला लुबाडतो आणि शिक्षणाने डोळे उघडतात, एवढं आपल्याला माहीत असतं. रेगे ते नाटक वर्गात आणतात तेव्हा मला त्यातून शिक्षकालाच विचारलेला प्रश्न ऐकू येतो. या खोलीत कोणाचं बोलणं सिद्धांत ठरतं आणि कोणाचं उदाहरण? खेड्यातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने कायम उदाहरण पुरवायचं आणि इंग्रजी शाळेतून आलेलीने त्यावर सिद्धांत बसवायचा, ही कामाची वाटणी जुनीच आहे. वर्गात ती फार लवकर रुजते आणि सगळ्यांना उदारमतवादी वाटत राहते.

काही वर्षांपूर्वी बाहेरचा परीक्षक म्हणून एम.ए.च्या उत्तरपत्रिका माझ्याकडे आल्या होत्या. घरातल्या बिनमोल श्रमाच्या सिद्धांतांवर दहा गुणांचा प्रश्न. एकीने आईवर तीन पानं लिहिली होती. वाचताना घशाशी आवंढा आला, पण प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता. दुसरीनेही आईवरच लिहिलं होतं. घर ऊसतोडीचं, बीडकडचं. तिने आधी हिशेब मांडला. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. पैसे पडतात नवऱ्याच्या हातात. टनाचा दर जोडीचा, खाडा पडला तर दंडही जोडीचा. तेव्हा आईची मजुरी किती, याचं उत्तर मुकादमाच्या वहीत नाही, घरातही नाही. मग तिने विचारलं होतं, की पुस्तकातला सिद्धांत घरातलं बिनपगारी आणि बाहेरचं पगारी असे दोन भाग करतो. माझी आई पहाटेपासून फडात राबते ते बाहेरचं काम, पण त्याचा पैसा घरकामासारखाच नवऱ्याच्या नावात मुरून जातो, ते कुठल्या भागात टाकायचं? २०१९मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर हळहळ झाली, समिती बसली. त्या सगळ्या हळहळीत एवढा नेमका प्रश्न माझ्या वाचनात आला नव्हता. दहापैकी नऊ दिले. पहिलीला चार.

पहिलीचे सहा गुण कोणी घालवले? आईबद्दल सांगितलंस, फार धाडसाचं आहे, असं म्हणून तिला तिथेच थांबवणाऱ्या शिक्षकाने. दुसऱ्या मुलीला कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला होता. दोघींनाही 'वाटत' होतं. एकीला ते मांडता 'येत' होतं, कारण तिला शिकवलं गेलं होतं. स्तंभलेखकांना हा फरक दिसला असता, तर भाषण निम्मं झालं असतं.

इथवर आल्यावर विद्यार्थ्यांच्या अनुभवकथनावर सरसकट फुली मारावी, असं मलाही वाटू लागलं होतं. पण मग या विषयाच्या इतिहासाचं काय करायचं? तो विद्यार्थ्यांनीच घडवला आहे. त्यांनी गौरव केला म्हणून घडला नाही, कुरकुर केली म्हणून घडला. हुक्सचं वर आलंच. आपल्याकडे तर सुरुवात त्याहून शंभरावर वर्षं आधीची. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला, तेव्हा ती १४ वर्षांची असेल-नसेल. शाळेमुळे आयुष्य उजळल्याचं प्रशस्तिपत्र म्हणून त्याकडे पाहणं म्हणजे ती काय विचारते आहे ते न ऐकणं. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कुठला, असा तिचा सरळ तर्क आहे. आपल्या जातीतल्या बायका उघड्यावर बाळंत होतात हेही ती त्याच ओघात मांडते. दलित लेखिका कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मधला संस्कृतचा अनुभव घ्या. एम.ए. होऊनही कुमुद सोमकुवरला नोकरी नाही. लग्नानंतर आडनाव बदललं आणि पावडे बाईंना प्राध्यापकी मिळाली. हे सांगताना त्या रडत नाहीत. नेमणुकीच्या यंत्रणेत जात कुठे दडलेली असते, ते बोट ठेवून दाखवतात.

तेव्हा मनोगतं बंद करा आणि तक्रारी मागवा. नॅकची समिती यायची झाली की महाविद्यालयांत जे अभिप्रायाचे अर्ज भरून घेतात (पाच पर्याय, बहुतेक मुलं डोळे मिटून चौथा), त्यांना मी तक्रार म्हणत नाही. खरी तक्रार चहाच्या टपरीवर ऐकू येते. वाचायच्या यादीतलं बहुतेक इंग्रजी. सीनियरच्या मराठी नोट्सची झेरॉक्स हाच खरा ग्रंथ. दलित आत्मकथनं आम्हाला समजून घ्यायला देता आणि वर्गातल्या दलित मुलीकडे सगळ्यांनी वळून बघायचं. मुलगे दोनच, त्यांना एक तर आरोपी करता नाही तर कौतुकाचे धनी. स्त्री अभ्यासात नेट काढली, पुढे जागा कुठायत? हा शेवटचा प्रश्न हंगेरीच्या सरकारचाच आहे, हे मी नाकारत नाही. विचारणारा बदलला की त्याचं वजन बदलतं. सरकारने तो विचारला की अभ्यासक्रम बंद होतो. जिंतूरहून आलेल्या मुलीने विचारला की पदं न भरणाऱ्या सरकारला जाब द्यावा लागतो. केंद्रांच्या अनुदानाचं पुढे काय, याची टांगती तलवार २०१७पासून सगळ्यांनी पाहिली आहे.

एका विद्यार्थ्याची तक्रार मला सगळ्यांत मोलाची वाटली. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्तींचे प्रश्न होते. २०१४चा नाल्सा निकाल, २०१८मध्ये कलम ३७७वर आलेला निकाल, सगळं त्या घटकात कोंबलेलं. सत्र संपत आलं, घटक राहिला, आणि परीक्षेला त्यावरचा प्रश्न पर्यायी ठेवला. हा मुलगा तोच घटक शिकायला प्रवेश घेऊन आला होता. आपल्याला पर्यायात टाकलं, असं तो म्हणाला. रेगेंचा १९९८चा लेख त्याने वाचला होता, त्यातली खुर्ची सरकवून देण्याची रीत त्याला बरोबर ओळखू आली होती, आणि ज्या बाईंनी तो लेख त्याला वाचायला दिला त्यांच्याच अभ्यासक्रमावर त्याने तो लावला होता. बाईंशी यावर भांडायला तो विभागात गेला. त्या तासिका तत्त्वावर होत्या. त्यांची मुदत मार्चमध्येच संपली होती.