शरीफजी हे नाव कोणाचे?

खारघरला आमच्या ओळखीच्या घरांत मूल जन्मले की अकीक्याच्या आधी दोन अटी निघतात. नाव वेगळे हवे आणि ते 'आपले' हवे. पहिली अट समजते. एका हजेरीपटावर चार अयान आले की काय होते ते आम्हा शिक्षकांना विचारा! दुसऱ्या अटीपाशी मात्र आम्ही अडतो. नाव आपले ठरते कशाने?

शरीफजी हे नाव घ्या. आज ते सहसा ऐकू येत नाही. 'शरीफ' अरबी, 'शरफ' म्हणजे मान, थोरवी, यावरून आलेले. त्याला आपला 'जी' लागला. पण हे नाव होते एका भोसल्याचे. मालोजीराजांना मूल होत नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) शाह शरीफ या पीराला नवस केला गेला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगितले जाते. एका फकिराचे नाव दोन भावांत वाटले गेले. थोरला शिवरायांचा पिता, म्हणून सर्वांना ठाऊक. धाकटा पुस्तकात एका ओळीपुरता उरला.

या नावाने मालोजींचा धर्म गेला नाही, की पीराचा मान उणा झाला नाही. आमच्याकडे तरी वेगळे काय घडले? उमर, हमजा, खालिद ही नावे अरबस्तानात इस्लामच्या आधीपासून होती. ती तशीच राहिली. पैगंबरांनी (स.) बदलली ती वाईट अर्थाची नावे, 'अवज्ञा करणारी' अशा अर्थाचे नाव असलेल्या एका स्त्रीला त्यांनी जमीला म्हटले.

म्हणजे अर्थ चांगला असला की झाले? तेवढ्यानेही आमचे समाधान होत नाही. मलिक अंबर हा हबशी गुलाम. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. अंबर हे नाव त्याला विकत घेणाऱ्या मालकाने दिले. अर्थ किती सुरेख, एक सुगंधी द्रव्य! पण ते देणाऱ्याच्या मनात मालकी होती, आणि शरीफजी म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञता. शब्दकोशात ही नीयत सापडत नाही. आमच्याकडे नाव विचारायला येणारे आईबाप मात्र शब्दकोशच मागतात.

1624 साली भातवडीच्या लढाईत ही दोन्ही नावे एकाच बाजूला होती. अंबर निजामशाहीचा सेनानी. समोर मोगल आणि आदिलशाही फौजा. अंबर जिंकला. शरीफजी तिथेच पडले.