लेकरू भरती झाल्यावर

अग्निवीर व्हायला साडेसतरा वर्षांचं वय पुरतं. अठरा पूर्ण नसतील तर कागदांवर आई-बापाची सही लागते. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ती बहुतेक बापच करतो, आणि तोवर त्याला सवय असते ती पीककर्जाच्या, पीकविम्याच्या कागदांची. हा कागद त्याहून निराळा आहे हे त्याला कळतं. पण त्याबद्दल बोलायचं कुणापाशी?

निवड झाली की गावात बॅनर लागतो, हलगी वाजते, शाळेत सत्कार होतो. व्हायलाच हवा. पहाटे चारला उठून कंधार-अहमदपूरच्या रस्त्यांवर धावलेल्या पोराचा तो हक्क आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढणं सोपं नाही. मात्र त्या गर्दीत आईला कुणी विचारत नाही, तुला कसं वाटतंय म्हणून. गावाला अभिमान मिरवता येतो. तिरंग्यातलं पार्थिव आलं तर गावाला रडताही येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना गेले, तेव्हा ज्यांची पोरं नुकती भरती झाली होती त्या घरांचा जीव किती धसकला असेल. अभिमान आणि आकांत यांच्या मधली रोजची काळजी कशी वाहायची, याची मात्र आपल्याकडे रीतच पडलेली नाही.

त्याचं एक कारण इतिहासात आहे. साताऱ्याच्या अपशिंग्यातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. तिथे पोरगा निघाला की आजीला ठाऊक असतं, पहिले दोन महिने तो फोनवर कमी बोलतो, मग सावरतो. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला छावणी होती, हैदराबादच्या नावाची रेजिमेंटसुद्धा होती. पण तिची भरती मुख्यतः उत्तरेतली, आणि १९४५ मध्ये तिचं नावही कुमाऊं रेजिमेंट झालं. पिढ्यान् पिढ्यांची फौजी घरं इथे फारशी घडलीच नाहीत. आपल्याकडे निघणारा पोरगा बहुधा घरातला पहिलाच असतो. आज मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं केंद्र आहे. परमुलखातली लेकरं आपल्या उशाशी कवायत करतात आणि आपली बेळगावला, सागरला, नाशिक रोडला जातात. मुदखेडच्या बाजारात सुट्टीच्या दिवशी दिसणारा बिहारचा पोरगाही कुणाच्या तरी घरी फोन लावायला आतुर असतो, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

प्रशिक्षणात मोबाइल जमा असतो, ठरल्या वेळीच मिळतो. मुखेड तालुक्यातल्या एका घरात मी रविवारची ती वेळ पाहिली आहे. माय सकाळपासून फोन चार्जिंगला लावून बसलेली. फोन आला.

“जेवलास का रे बाळा?”

“हो.”

“पाय दुखतेत का?”

“नाही गं. दादा कसे आहेत?”

“बरे हायेत की.”

पायाला फोड आले होते आणि दादांना दवाखान्यात दाखल केलं होतं. दोघांनीही एकमेकांपासून लपवलं, मायेपोटीच. पुढे चुलत भावाकडून पोराला दवाखान्याचं कळलं, तेव्हापासून तो प्रत्येक फोनवर म्हणू लागला, “खरं सांग.” घरचा शब्द खरा नाही असं एकदा वाटलं की दूरच्या माणसाची झोप जाते. म्हणून माझं आई-बापांना कळकळीचं सांगणं आहे: लपवू नका. दादांना दाखल केलंय, डॉक्टर अमुक म्हणाले, सोबत काका आहेत, असं जेवढ्यास तेवढं सांगा. ज्याला आपण देशाच्या सीमेवर धाडायला तयार झालो, त्याला घरची बातमी पेलते. आणि त्यालाही रडू द्या. “वाघ आहेस तू” हे वाक्य थकलेल्या पोराचं तोंड बंद करतं.

लष्कराने आई-बापांची जाण ठेवली आहे. साधारण सहा-सात महिन्यांनी कसम परेड होते, तेव्हा अनेक केंद्रांत आई-वडिलांना गौरव पदक देतात. तिथे जाच. सोयाबीनची रास पडली असली तर भावकीने ती चार दिवस सांभाळावी. मिरवणुकीच्या डीजेवर खर्च करणाऱ्या गावाने दोन तिकिटांचा खर्चही उचलावा. मायबाप तिथे उभे दिसणं पोराला जन्मभर पुरतं.

अग्निवीराच्या चार वर्षांच्या मुदतीचा घोर वेगळाच. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ अखेर भरतात. जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतील, बाकीचे सेवानिधीचे पैसे घेऊन परततील. पुढे काय, हा प्रश्न आई फोनवर काढत नाही; पोराला ओझं होईल म्हणते. तो प्रश्न पोराच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून असतोच. तिने काढला तर निदान दोघं मिळून विचार करतील.

नांदेडला आणि लातूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तालुक्या-तालुक्यांत माजी सैनिक आहेत. निवड यादी लागल्यावर त्यांच्यापैकी एकाने नव्या पालकांना बोलावून तासभर बसवावं, पहिल्या वर्षी काय काय होतं ते सांगावं, आणि जिचा पोरगा आधी भरती झालाय अशा एका माउलीला सोबत घ्यावं. नव्या आईला जे विचारायचं असतं, ते ती तिलाच विचारील.