न दाखवलेले पलायन

जिम जार्मुश यांच्या ‘डाउन बाय लॉ’ (1986) या चित्रपटाविषयी रसिकांत पडलेली फूट सहसा अभिरुचीच्या भेदाने समजावली जाते. त्यातील संथपणा एकाला काव्यात्म वाटतो, दुसऱ्याला कंटाळवाणा. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. वादाचे मूळ चित्रपटाने घेतलेल्या एका नैतिक निर्णयात आहे. तुरुंगफोडीच्या कथेत प्रेक्षक ज्याची वाट पाहतो, ते पलायनच येथे गाळलेले आहे. रॉबेर्तो वाट सापडल्याचे सांगतो आणि लगेच तिघे कैदी भुयारातून धावताना दिसतात.

रोबेर ब्रेसाँ यांच्या 1956 मधील पलायनपटात कैदी चमच्याने कोठडीचे दार पोखरतो. ते श्रम पाहता पाहता त्याची सुटका प्रेक्षकाला न्याय्य वाटू लागते. जार्मुश ही सोय नाकारतात. शिवाय अपराधाचा हिशेबही ते उलटा मांडतात. झॅक आणि जॅक कुभांडात सापडलेले, म्हणजे त्या आरोपापुरते तरी निर्दोष. रॉबेर्तोच्या हातून मात्र बिलियर्डचा चेंडू लागून खरोखरच माणूस मेला आहे. तरीही चित्रपटातील सारा जिव्हाळा त्याच्यापाशी आहे. मोडक्या इंग्रजीतले वाक्प्रचार वहीत टिपणारा, कोठडीच्या भिंतीवर खिडकी रेखाटणारा हा खुनी हसवतो आणि निर्दोष दोघे एकमेकांवर चिडत राहतात. ज्या प्रेक्षकाला हसण्यापूर्वी न्यायनिवाडा हवा असतो, त्याची येथे अडचण होते. आणि ती अडचण अरसिकपणाची खूण खचितच नव्हे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीवरून पाहिले, तर या हास्याची आणखी एक अट उघड होते. 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना त्याच वर्षी 21 ऑक्टोबर रोजी चांद्यात फाशी झाली. त्यांचे सहकारी व्यंकटराव बस्तरच्या रानात निसटले. पण 1860 मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले. या स्मृतीत अरण्य म्हणजे नाव, नाते आणि सत्ता यांनी भरलेला प्रदेश आहे. तेथे आसरा मिळतो आणि दगाही होतो. लुइझियानाच्या दलदलीला चित्रपटात अशी स्मृती नाही. तिघे तिच्यात भरकटतात आणि त्या भरकटण्याचेच हसू होते. ते हसू फुटते, कारण त्या रानात त्यांना ओळखणारे कोणीच नाही. ज्या वाचकाच्या प्रदेशात फरारी माणसाला ओळखणारे, म्हणूनच वाचवू किंवा धरून देऊ शकणारे कोणीतरी असतेच, त्याला ते तितके निर्धास्त वाटणार नाही.

मात्र शेवटाकडे हा भेद थोडा पुसट होतो. रानातल्या एकाकी खाणावळीत निकोलेता भेटते आणि रॉबेर्तो तेथेच राहतो. परका, अपराधी, भाषेत अडखळणारा हा एकटाच त्या रानात कोणाचा तरी होतो. झॅक आणि जॅक अंगरख्यांची अदलाबदल करून रस्त्याच्या फाट्यावर वेगळे होतात. कोणता रस्ता कुठे जातो, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते.